तळ्याकाठचे पाथरवट आणि त्यांची घराणी

इ. स. १२४४ च्या नोव्हेंबर अखेरीस उत्तर इटलीतील मोदेना शहरी, तेथील कॅथेड्रलच्या बांधकामाचा कारभारी आणि आर्रीगो नावाचा एक पाथरवट असे दोघे नोटरीपुढे हजर झाले आणि एका जुन्या कराराची त्यांनी नव्याने नोंद करून घेतली. मूळ करार आर्रीगोचा पूर्वज अन्सेल्मो याने केलेला होता. अन्सेल्मो व त्याचे वारस यांनी या देवालयाचे दगडकाम निरंतर करीत राहावे आणि त्याबद्दल त्यांना दिवसाला सहा इंपीरियल एवढा रोजमुरा मिळावा, असे त्यात नमूद होते. आर्रीगोची तक्रार एवढीच होती की वाडवडिलांच्या वेळचा दर आता पुरत नाही. कारभाऱ्याने ती रास्त मानली, मोठ्या दिवसांच्या महिन्यांत आठ व एरव्ही सहा असा नवा दर ठरला आणि दप्तर मिटले. आपल्याकडील सनदा ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना या कागदातील 'अन्सेल्मो व त्याचे वारस' ही शब्दयोजना वाचताना 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' हे शब्द आठवल्यावाचून राहणार नाहीत. फरक इतकाच, की येथे वतन होते ते ना जमिनीचे, ना पाटीलकीचे. ते होते टाकी आणि हातोडा चालविण्याचे, आणि तेही परमुलखातल्या दुसऱ्याच्या देवळावर.

हा अन्सेल्मो लुगानोच्या तळ्याकाठच्या कांपिओने गावचा. राज्यकर्त्यांच्या हिशेबात हे गाव आज इटलीचे आहे, परंतु त्याच्या चहूबाजूंस स्वित्झर्लंडची भूमी आणि पाणी आहे. त्याच काठावर अर्ध्या-पाऊण तासाच्या होडीच्या अंतरात बिसोने, मेलिदे, मोर्कोते आणि दक्षिणेच्या टोकाला कापोलागो ही गावे वसलेली आहेत. यांतील कोणत्याही गावाची लोकसंख्या आपल्याकडील एखाद्या मध्यम आकाराच्या खेड्याहून अधिक नव्हती. तथापि रोमच्या संत पीटरच्या देवालयाचा दर्शनी भाग, नेवा नदीच्या काठचा पीटर-पॉलचा किल्ला आणि इस्तंबूलच्या आयासोफियाचा एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धार ही तिन्ही कामे या गावांतून आणि त्यांच्या पाठीमागच्या डोंगरातल्या वाड्यांतून बाहेर पडलेल्या माणसांनी केली. हा योगायोग मानणे कठीण आहे.

आज अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात किंवा अर्जेंटिनात राहणारा एखादा गृहस्थ आपल्या स्विस पाथरवट पूर्वजाचा शोध घेऊ लागला म्हणजे त्याच्या मनश्चक्षूंपुढे बहुधा एकच चित्र उभे असते: पाठीवर अवजारांचे गाठोडे घेतलेला एक तरुण, दारिद्र्याला कंटाळून, गावाकडे पाठ फिरवून, एकट्याने घाट उतरून निघाला आहे. चित्र हृद्य आहे. परंतु निदान पहिल्या सहाशे वर्षांपुरते ते खरे नाही. स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतातील या पट्ट्यातला गवंडी एकटा गेला नाही आणि गाव सोडूनही गेला नाही. परदेशी जाणे हाच त्या गावाचा धंदा होता, आणि तो धंदा घराण्यांनी, सोयरिकीने, तमस्सुकांनी व मुखत्यारपत्रांनी चालविलेला होता. ज्याने खरोखर गाव सोडले तो पुष्कळ नंतरचा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. आणि त्याच्यावर ती पाळी का आली ही एक निराळी आणि काहीशी कडू हकीकत आहे. तिच्याकडे यथावकाश येऊ.

'स्विस' हे विशेषणही जरा जपून वापरावे लागते. १५१२-१३ च्या सुमारास स्विस संघातील बारा कँटनांनी, म्हणजे घटक राज्यांनी, हा मुलूख मिलानच्या ड्यूककडून हस्तगत केला आणि तेथे दर दोन वर्षांनी पाळीपाळीने एकेका कँटनाचा सुभेदार येऊन अंमल करू लागला. जवळजवळ तीन शतके हे लोक स्वित्झर्लंडचे नागरिक नव्हते, स्विसांची रयत होते. धर्माच्या बाबतीत ते कोमोच्या बिशपचे, बाजाराच्या बाबतीत मिलानचे, आणि सारा-फर्मानाच्या बाबतीत आल्प्सपलीकडल्या जर्मन बोलणाऱ्या धन्यांचे. १८०३ मध्ये नेपोलियनच्या मध्यस्थीने तिचिनो हे स्वतंत्र कँटन झाले तेव्हा कोठे त्यांना बरोबरीचा दर्जा मिळाला. सुभेदारांच्या अमलाबद्दल कोणी फारसे चांगले बोलत नाही. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे, की या सुभेदारांनी ना मोठी फौज उभारली, ना राजधानी बांधली. ज्या मुलखात राजा नाही, राजवाडा नाही आणि उतारावरच्या शेताच्या पट्ट्यांत वर्षाचे धान्य पिकत नाही, तेथल्या हुशार गवंड्याला काम हवे असेल तर ते दुसऱ्याच्या राजधानीतच शोधणे भाग होते.

या धंद्याचे वर्ष फाल्गुनाच्या सुमारास सुरू होई. बर्फ ओसरू लागले की पुरुष निघत, आणि पहिली थंडी पडून चुना धरेनासा झाला की परतत. (पलीकडच्या चेंतोव्हाल्ली आणि व्हेर्झास्का खोऱ्यांतील धुराडी साफ करणाऱ्या पोरांचे वेळापत्रक नेमके उलटे, ती हिवाळ्यात मिलानला जात.) म्हणून या गावांच्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या वह्यासुद्धा धंद्याचा हिशेब सांगतात. लग्ने भर हिवाळ्यात लागलेली असतात आणि मुलांचे जन्म उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूपर्यंत दाटीने नोंदलेले असतात. मधल्या आठ-नऊ महिन्यांत गावात राहत त्या बायका, म्हातारे, मुले आणि पाद्री. गवताचे भारे पाठीवरच्या टोपलीतून डोंगरावरून खाली आणणे, द्राक्षवेल छाटणे, गुरे चारणीला नेणे, ही सर्व कामे बायका करीत; आणि याखेरीज नोटरीपुढे उभे राहून नवऱ्याच्या वतीने जमिनीचा तुकडा विकत घेणे, कर्जाचा हप्ता फेडणे, दिराशी वाटणीचा तंटा चालविणे हेही त्याच करीत. राउल मेर्झारिओ या इतिहासकाराने अठराव्या शतकातील अशा कुटुंबांची कागदपत्रे बारकाईने अभ्यासली. ती वाचताना ध्यानात येते की ज्याला आपण गवंड्याचा पराक्रम म्हणतो त्याचे भांडवल पुष्कळ वेळा घरी राहिलेल्या बाईच्या काटकसरीतून उभे राहिलेले असे. मुंबईच्या गिरण्यांतील चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर आणि त्याच्या बायकोच्या नाचणीच्या शेतीवर एकाच वेळी चालणारे कोकणातील घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही.

दोमेनिको फोंताना याच्या चरित्रात या उलाढालीचे एक बोलके उदाहरण आहे. हा १५४३ मध्ये मेलिदे येथे जन्मला, तरुणपणी रोमला गेला आणि कार्डिनल मोंताल्तो याच्या आश्रयाने बांधकामे करू लागला. एका चॅपेलचे काम चालू असताना तत्कालीन पोपने कार्डिनलचा तनखा बंद केला आणि काम थांबण्याची वेळ आली. तेव्हा फोंतानाने आपल्या कमाईतून गावी पाठवून साठविलेले हजार एक स्कूदी परत मागविले आणि पदरमोड करून काम चालू ठेवले, असे त्याचे जुने चरित्रकार सांगतात. रोममध्ये मिळालेला पैसा मेलिदेस जातो आणि अडीनडीला मेलिदेहून रोमला येतो. म्हणजे सावकारी पेढीचे ठिकाण गावात होते. हा जुगार फोंतानाला फळला, कारण तोच कार्डिनल १५८५ मध्ये पाचवा सिक्स्तुस या नावाने पोप झाला. दुसऱ्याच वर्षी फोंतानाने, कॅलिगुला बादशहाच्या काळी इजिप्तहून आणलेला पंचवीस मीटर उंचीचा आणि तीनशे टनांहून अधिक वजनाचा अखंड शिलास्तंभ जुन्या जागेवरून हलवून संत पीटरच्या देवालयासमोर उभा केला. चाळीस रहाट, शेकडो माणसे आणि घोडे, दोरखंडांचे जंजाळ, आणि हुकमाखेरीज कोणी तोंडातून शब्द काढू नये अशी सक्त ताकीद. एप्रिलच्या अखेरीस सुरू झालेले काम १० सप्टेंबर १५८६ रोजी तडीस गेले. फोंतानाने या सर्व खटाटोपाचे सचित्र पुस्तक १५९० मध्ये छापून प्रसिद्ध केले. आपल्या कामाची जाहिरात आपणच करावी लागते हे त्या मनुष्याला उत्तम कळत होते.

फोंतानाचा भाऊ जोव्हान्नी त्याच्या बरोबर होता, आणि कापोलागोचा भाचा कार्लो मादेर्नो हा मामाच्या हाताखाली दगड घडवीत वाढला. मामा नेपल्सला निघून गेल्यावर भाचा रोममध्ये उरला आणि पुढे संत पीटरच्या देवालयाचा प्रमुख वास्तुकार झाला. तेथील आजचा दर्शनी भाग त्याचाच. मादेर्नोच्या हाताखाली जे शेकडो कारागीर राबत होते त्यांत १६१९ च्या सुमारास वीस वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. त्याचे नाव फ्रांचेस्को कास्तेल्ली, गाव बिसोने. बापही बांधकामातलाच, त्याने मुलाला लहानपणीच मिलानला दगडावरील नक्षी शिकायला ठेवले होते. रोममध्ये उतरल्यावर हा मुलगा धर्मशाळा शोधीत हिंडला नाही. आईकडचा नातलग लेओने गारोव्हो हा तेथे दगडकामाचा ठेकेदार होता आणि मादेर्नोच्या घराण्याशी त्याची सोयरीक झालेली होती. त्याच्या घरी मुलाची राहण्याची सोय झाली, त्याच्या शब्दावर संत पीटरच्या कामावर टाकी चालविण्याची जागा मिळाली. देवालयाच्या हिशेबवह्यांत या मुलाने कोरलेली देवदूतांची शिरे आणि फुलांच्या माळा यांची मजुरी इतर कोणाही पाथरवटाच्या मजुरीसारखीच मांडलेली आहे. हाच पुढे बोर्रोमीनी या नावाने युरोपातील थोर वास्तुकारांत गणला गेला.

बोर्रोमीनीविषयी कलासमीक्षकांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत आणि ते बहुतेक त्याच्या एकाकी, तऱ्हेवाईक, संतापी प्रतिभेविषयी आहेत. मला ते वाचताना नेहमी वाटते की या मनुष्याच्या आयुष्यातील एकही महत्त्वाची गोष्ट नातलगांवाचून घडलेली नाही. त्याने लग्न केले नाही. परंतु त्याला घर दिले ते नातलगाने, काम दिले ते नातलगाच्या सोयऱ्याने, आणि म्हाताऱ्या मादेर्नोचे नकाशे काढून देता देताच तो वास्तुविद्या शिकला. १६६७ च्या ऑगस्टमध्ये आजारपणाच्या भरात त्याने स्वतःवर तलवार चालविली आणि मरणापूर्वी शुद्धीवर असताना घडला प्रकार शांतपणे लिहवून ठेवला. आपले प्रेत सान जोव्हान्नी देइ फियोरेंतीनी या चर्चमध्ये मादेर्नोच्याच थडग्यात ठेवावे आणि वर आपले नाव घालू नये अशी त्याची इच्छा होती. ज्याच्या नावावर रोममध्ये सान कार्लो आणि सान्त इव्हो यांसारख्या वास्तू आहेत त्याने शेवटी कापोलागोच्या आप्ताशेजारी निनावी पडून राहावे यात समीक्षकांना विषाद दिसतो. मला त्यात घराण्याचा शिरस्ता दिसतो. मागे राहिलेल्या मालमत्तेचा वारस झाला तो पुतण्या बेर्नार्दो कास्तेल्ली, आणि बाल्दीनुच्ची या चरित्रकाराला चुलत्याची माहिती लिहून पाठविणाराही तोच. म्हणजे बोर्रोमीनीचे पहिले चरित्र ही एका परीने कुलवृत्तांताचीच नोंद आहे.

गावाने त्याला विसरायला बराच वेळ घेतला आणि आठवायलाही. १९७६ मध्ये स्वित्झर्लंडच्या शंभर फ्रँकांच्या नोटेवर त्याचे चित्र आले. १९९९ मध्ये, जन्माला चारशे वर्षे झाली तेव्हा, मेंद्रीझिओचा वास्तुकार मारिओ बोत्ता याने सान कार्लो चर्चचा उभा अर्धा छेद तेहेतीस मीटर उंचीच्या मूळ मापात, लाकडी फळ्यांचा, लुगानोच्या तळ्यात तराफ्यावर उभारला. चार वर्षांनी तो उतरवावा लागला. बिसोनेत आज तळ्याकडे तोंड केलेल्या कमानींची जुनी ओळ आहे आणि तिच्या पाठीमागून मोटारींचा महामार्ग अहोरात्र घोंघावत जातो. ज्या गावाने युरोपभर रस्ते शोधले, त्याच्या अंगावरूनच युरोपचा रस्ता गेला.

या धंद्याची दुसरी बाजू उंचावरून कोसळण्याची आहे. बोर्रोमीनीचा तो आश्रयदाता गारोव्हो १६२० मध्ये संत पीटरच्या देवालयात परांचीवरून पडून मेला. हा प्रसंग अपवाद नव्हता. इ. स. ६४३ मध्ये लोंबार्ड राजा रोथारी याने जो कायदा पुकारला त्यात कोमाचीनी (म्हणजे बहुधा याच कोमोकडच्या मुलखातील) गवंड्यांच्या उस्तादांविषयी दोन कलमे आहेत, आणि त्यांचा विषय हाच: ठरावाने घेतलेल्या कामावर दगड किंवा लाकूड पडून माणूस दगावला तर भरपाई कोणी द्यावी. तेराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या सरकारी दप्तरात या लोकांचा पहिला उल्लेख येतो तो असा, अपघाताच्या संदर्भात. माज्जा गावच्या देवीच्या चर्चमध्ये ऑरीजेनो येथील चित्रकार जोव्हान्नी अंतोनिओ व्हानोनी याने एकोणिसाव्या शतकात रंगविलेली नवसाची चित्रे टांगलेली आहेत. कोणी उंचावरून पडतो आहे, कोणी वाहून जातो आहे, आणि वरच्या कोपऱ्यात ढगांतून देवी पाहते आहे. वाचलेल्याने पैसे देऊन आपलाच अपघात रंगवून घ्यावा ही चाल मोठी विलक्षण खरी. न वाचलेल्यांचे स्मारक केले ते लिगोर्नेत्तोच्या व्हिंचेंझो व्हेला याने. तो लहानपणी स्वतः बेझाझिओच्या खाणीत दगड फोडीत असे. पुढे शिल्पकार म्हणून नावारूपास आला, आणि सेंट गॉटहार्डचा पंधरा किलोमीटरचा बोगदा दहा वर्षांच्या खटपटीनंतर १८८२ मध्ये खुला झाला तेव्हा, कोणाची मागणी नसताना, त्याने मृत मजुराला वाहून नेणाऱ्या सोबत्यांचे उठावशिल्प घडविले. ते काशात ओतून आयरोलोच्या स्टेशनाजवळ बसवायला १९३२ साल उजाडावे लागले.

आता नेवाकाठी जाऊ. १७०३ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या चाकरीत असलेल्या दोमेनिको त्रेझ्झीनी नामक तटबंदीच्या जाणकाराला कोपनहेगन येथील रशियन वकिलाने झार पीटरच्या सेवेसाठी करार करून घेतले. त्रेझ्झीनी हा माल्कांतोने डोंगरातील आस्तानो गावचा. दलदलीवर पीटर्सबर्ग ही नवी राजधानी उभारायची झारने प्रतिज्ञा केली होती, परंतु त्या दलदलीत नव्हता दगड आणि नव्हते दगड घडविणारे. यावर पीटरने जे उपाय काढले ते वाचून आपल्याकडील कोणताही जबरदस्त सुभेदार मान खाली घालील. १७१४ मध्ये त्याने राजधानीखेरीज सबंध रशियात दगडविटांचे बांधकाम करण्यास मनाई केली. मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त आणि रवानगी हद्दपारीत. त्याच वर्षी जकातीतही दगड आला: शहरात शिरणाऱ्या प्रत्येक गाडीने तीन आणि गलबताने आकारमानाप्रमाणे दहा ते तीस धोंडे आणून द्यावेत. ही धोंड्यांची जकात सम्राज्ञी कॅथरीनच्या काळापर्यंत, १७७६ पर्यंत, चालू होती. अशा वेळी दगडाची नस जाणणाऱ्या माणसाची किंमत काय वाढली असेल ते सांगायला नको.

त्रेझ्झीनीने प्रथम समुद्रातील क्रोन्श्लोत दुर्ग उभा केला, १७०६ पासून पीटर-पॉलचा मातीचा किल्ला दगडाविटांत बांधण्यास घेतला, १७१२ मध्ये त्यातील कॅथेड्रलचा पाया घातला. सामान्य, सुखवस्तू आणि प्रतिष्ठित अशा तीन प्रतींच्या नागरिकांनी कशी घरे बांधावीत याचे नमुनेही त्याने काढून दिले. बारा खात्यांच्या सरकारी कचेऱ्यांची ती सुमारे चारशे मीटर लांबीची इमारत, जेथे आज विद्यापीठ आहे, तीही त्याच्याच आराखड्याची. झार पीटर त्याच्या मुलाचा धर्मपिता झाला, म्हणजे राजाशीच नाते जडले. परंतु कामाला माणसे हवी होती ती त्याने आस्तानोचीच जवळ केली. पुढे कार्लो जुझेप्पे त्रेझ्झीनी त्याचा जावई झाला, आणि पिएत्रो अंतोनिओ त्रेझ्झीनी हा आणखी एक आस्तानोकर रशियन दरबारी वास्तुकार म्हणून वावरला. एकाच आडनावाचे तीन-तीन वास्तुकार. रशियन इतिहासकारांनी त्यांच्या कामांची कित्येक वर्षे सरमिसळ केली यात नवल नाही. घराण्याचा धंदा केला की व्यक्तीची कीर्ती वाटली जाते. दोमेनिको १७३४ मध्ये पीटर्सबर्गमध्येच वारला.

त्याने पाडलेली वाट शंभर वर्षे वाहती होती. माँताञोलाचे जिलार्दी घराणे मॉस्कोत रुजले आणि १८१२ च्या आगीनंतर तेथील विद्यापीठ दोमेनिको जिलार्दीने पुन्हा बांधले. त्याच टेकडीवर आग्रा नावाचे गाव आहे (यमुनेशी याचा काही संबंध नाही) आणि त्याच्या बिगोञ्ञो वाडीतील आदामिनी मंडळींनी पीटर्सबर्गला जाऊन इमारती बांधल्या, घरी पत्रे लिहिली. ती पत्रे जपली गेली हे आपले भाग्य. त्यांतील अंतोनिओ आदामिनी हा १८३२ च्या अलेक्झांडर स्तंभाच्या उभारणीत होता. सहाशे टनांचा तो एकसंध स्तंभ पावणेदोन तासांत उभा झाला, आणि वास्तुकार मोंफेरां याच्यापुढे आदर्श होता तो मेलिदेकर फोंतानाच्या रोममधील प्रयोगाचा. अडीचशे वर्षांनी, युरोपच्या दुसऱ्या टोकाला, त्याच तळ्याकाठच्या दोन गावांची अशी गाठ पडली.

शेवटचे मोठे नाव मोर्कोतेच्या गास्पारे फोस्साती याचे. तो पीटर्सबर्गला गेला, तेथून १८३७ मध्ये रशियाचा वकिलातवाडा बांधण्यासाठी इस्तंबूलला आला, आणि त्याची हातोटी पाहून सुलतान अब्दुलमजीद याने आयासोफियाची डागडुजी त्याच्यावर सोपविली. धाकटा भाऊ जुझेप्पे अर्थातच जोडीला होता. १८४७ ते १८४९ या काळात सुमारे आठशे मजूर लावून घुमट आवळला गेला, झुकलेले खांब सरळ केले गेले. गिलावा काढताना खालची बायझंटाइन मोझेक-चित्रे उघडी पडली, ती भावांनी टिपून घेतली आणि पुन्हा झाकली. कॅथलिक गवंड्याने मुसलमान बादशहासाठी ऑर्थोडॉक्स देवालयाची मशीद दुरुस्त करावी यात त्याला स्वतःला काही अवघड वाटल्याचे दिसत नाही. चुना सर्वत्र सारखाच धरतो. म्हातारपणी गास्पारे मोर्कोतेला परतला आणि १८८३ मध्ये तेथेच वारला. त्याचे कागद आज बेल्लिंझोनाच्या सरकारी दप्तरखान्यात आहेत.

या सर्वांनी दूरदूरची राज्ये पाहिली, परंतु गावाशी असलेला धागा तुटू दिला नाही. तो तुटला तो एका राजकीय भांडणाने. १८५२ मध्ये तिचिनो सरकारने मिलानभोवतीच्या, तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यातील लोंबार्डीचे कापुचिन साधू हाकलून दिले. फेब्रुवारी १८५३ मध्ये मिलानमध्ये मात्सिनीच्या अनुयायांनी उठाव केला आणि त्याला तिचिनोची फूस असल्याचा ऑस्ट्रियाने ग्रह करून घेतला. ऑस्ट्रियाचा सेनापती मार्शल राडेट्स्की याने सरहद्द बंद केली आणि लोंबार्डीत पोट भरणाऱ्या सहा हजारांवर तिचिनोकरांना हुसकून लावले. हंगामाच्या तोंडावर गवंडी, पाथरवट, रंगारी रिकाम्या हातांनी गावी आले, आणि धान्य जेथून येई तो बाजारही बंद. लोकांनी या नाकेबंदीला भुकेची नाकेबंदी म्हटले. ज्या मार्गावर प्रत्येक मुक्कामाला मामा, मेहुणा किंवा गाववाला होता तो मार्ग असा एका फर्मानाने बुजला.

नेमके याच सुमारास जहाज कंपन्यांचे दलाल ऑस्ट्रेलियातील सोन्याच्या गोष्टी सांगत खोऱ्याखोऱ्यांतून हिंडू लागले. १८५४-५५ या दोन वर्षांत सुमारे दोन हजार तिचिनोकर, त्यांतील बहुतेक माज्जा आणि लोकार्नोच्या बाजूचे, व्हिक्टोरियाला निघून गेले. गावांनी सामाईक जंगले-कुरणे गहाण टाकून प्रवासखर्चाची कर्जे दिली, घरोघरी तमस्सुक लिहिले गेले. जहाजे पोहोचली तोवर वरवरचे सोने संपले होते. जॉर्जो केदा या इतिहासकाराने या लोकांची पत्रे गोळा करून १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत सोन्यापेक्षा गावच्या कर्जाचा विषय अधिक आहे. बायको विचारते हप्ता केव्हा, नवरा लिहितो थांब. पुष्कळ जण परतले. जे राहिले त्यांतील बरेच हेपबर्न आणि डेल्सफर्डच्या परिसरात स्थिरावले, त्यांनी वेली लावल्या, तळघरे खोदली, गाय आणि डुकराचे मांस लसूण-मद्यात मुरवून 'बुलबोर' नावाचे सॉसेज करू लागले, आणि तेथील खनिज पाण्याचे झरे खाणवाल्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून १८६० च्या दशकात सरकारकडे अर्ज केले. हेपबर्नला त्या काळची दगडी घरे अजून आहेत. १८५९ ची मॅकरोनीची फॅक्टरी प्रवाशांना दाखविली जाते. बांधणी पाहिली की हात कोठले ते ओळखू येते. येथे मात्र मागोमाग पुतणे येईनात, मुखत्यारपत्रे जाईनात. इंग्रज कारकुनाने कानाला आले तसे आडनाव लिहिले, दुसऱ्या पिढीने इंग्रजीत शाळा शिकली आणि तिसऱ्या पिढीला आजा 'स्वित्झर्लंडचा दगडकामवाला' होता एवढेच ठाऊक राहिले. आज शोध घेतात ते याच मंडळींचे वंशज. बिसोने-मेलिदेच्या जुन्या घराण्यांना शोधाची गरजच पडली नव्हती.

शोधाची वाट तशी बिकट नाही, कारण स्वित्झर्लंडमध्ये नागरिकत्व जन्मस्थानावर अवलंबून नसून मूळ गावावर आहे. स्विस मनुष्याच्या सरकारी कागदावर तो कोठे जन्मला याआधी तो कोणत्या गावचा हे विचारले जाते, आणि हे गाव आईबापांकडून मुलाकडे उतरत येते. चार पिढ्या बाहेर राहिल्या तरी ते बदलत नाही. १९६२ साली ज्या कुळांना ज्या गावाचे नागरिकत्व होते त्या सर्वांची एक छापील नामावली आहे. एखादे आडनाव १८०० च्या आधीपासून त्या गावचे असेल तर त्यापुढे तशी खूण असते. आडनावावरून गाव सापडले की पुढे १८७६ पासूनच्या मुलकी नोंदी, आणि त्याआधी ट्रेंटच्या धर्मसभेनंतर म्हणजे १५६३ नंतर ठेवल्या जाऊ लागलेल्या चर्चच्या वह्या. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या बाडांतून ज्याने आपली वंशावळ उतरवून घेतली आहे त्याला या वह्यांची भाषा कळेल, जरी लिपी कळली नाही तरी. अडचण येते ती एकच नाव पिढीआड फिरत राहण्याची, आणि अलीकडे गावांच्या विलीनीकरणाची. आग्रा, जेंतिलीनो आणि माँताञोला ही तिन्ही २००४ मध्ये एक होऊन त्यांचे नाव कोल्लिना दोरो झाले आहे, तेव्हा जुन्या दाखल्यावरचे गाव नगरपालिकांच्या नव्या यादीत त्या नावाने शोधून मिळत नाही.

नाव सापडले, वंशवृक्ष जुळला, म्हणजे पुढचा प्रश्न बहुतेक जण विचारतात तो हक्काचा. परदेशात जन्मलेल्या स्विसाने पंचविशीच्या आत आपली नोंद सरकारात केली नाही आणि त्याला दुसरे नागरिकत्व असले तर स्विस नागरिकत्व संपुष्टात येते. २०१८ पूर्वी ही मर्यादा बावीस वर्षांची होती. हेपबर्नच्या बहुतेक घराण्यांतील धागा एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावरच तुटलेला आहे. गावाची जंगले आणि कुरणे ज्या जुन्या गावकीच्या मालकीची आहेत, आणि जिची अशी सुमारे दोनशे मंडळे तिचिनोत अजून कारभार पाहतात, तिच्या सभेत बसण्याचा मानही नागरिकत्वाबरोबरच जातो. ज्या कुरणावर कर्ज काढून पणजाच्या जहाजाचे भाडे भरले गेले, त्या कुरणात पणतूला वाटा नाही. वंशावळीचा दाखला मात्र ठरलेली फी भरली की टपालाने मिळतो.